उघडी राहिलेली लाइन

१

माझे वडील ऐकलेलं कुठलंही वाक्य परत म्हणून दाखवल्याशिवाय सोडत नसत. "बाबा, चहा ठेवते," म्हटलं की बैठकीतून उत्तर यायचं, "चहा ठेवतेस." दूधवाल्याने खालून हाक मारली की आईच्या आधी बाबाच म्हणायचे, "दूधवाला आलाय." त्यांचा उभा जन्म झाँसी–कानपूर लाइनीवरच्या लहानसहान स्टेशनांवर स्टेशनमास्तर म्हणून गेला. पुढच्या स्टेशनाने फोनवर जे सांगितलं ते शब्द न् शब्द परत म्हणायचं, मगच ते खरं धरायचं. ही सवय निवृत्तीबरोबर जमा करता येत नाही. आई म्हणते, "हे लग्नात मंगलाष्टकंही परत म्हणून दाखवणार होते. भटजींनी डोळे वटारले म्हणून निभावलं."

काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले तेव्हा ही सवयही गेली. ते कशालाच उत्तर देईनात. दिवसभर लाकडी तख्तावर भिंतीकडे तोंड करून बसायचे, आणि मला वाटायचं की माणूस आपल्यादेखत विझत चाललाय. मग मी माझा जुना लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. त्यात स्क्रीनवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम टाकला, एका बाईच्या हिंदी आवाजातला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "समाचार." बाबा म्हणाले, "समाचार." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

माझं काम वेबसाइटच्या दर्शनी भागाचं. बटणं, रकाने, लोक ज्याला हात लावतात ते सगळं. कंपनी ग्वाल्हेरची, मी घरूनच काम करते. न दिसणाऱ्या माणसाला आमची साइट वापरता येते का, हे तपासायला कोणीतरी हवंच होतं. ते काम मी बाबांना दिलं. रोज सकाळी ते धुतलेला सदरा घालून लॅपटॉपसमोर बसू लागले. स्क्रीनचा प्रकाश आम्ही पार शून्यावर ठेवायचो. त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

यंदा मे महिन्यात आई मोठ गावी गेली, माझ्या बहिणीच्या, इराच्या बाळंतपणाला. जाताना तिने एवढंच सांगितलं, "रेवा, यांना एकटं वाटू देऊ नकोस." झाँसीत ओरछा गेटच्या आतल्या गल्लीतल्या आमच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघंच उरलो. पुढे बैठक, मागे माझी खोली, मध्ये एक दार आणि खिडकीत घरघरणारा कूलर.

२

काम किरकोळ होतं. औषधं घरपोच करणाऱ्या एका दुकानदाराची साइट होती. तिच्यात गाव निवडायचा रकाना होता. त्यावर दाबलं की यादी खाली उतरते, नाव निवडलं की मिटते. ड्रॉपडाऊन. त्यासाठी आम्ही जे तयार सामान वापरत होतो त्याची नवी मोठी आवृत्ती आली होती आणि जुनी आता बंद होणार होती.

नवीन आवृत्तीबरोबरच्या सूचना मी वाचल्या. दोन बदल ठळक होते. एक, यादी उघडी असेपर्यंत वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी बाकीचं पान अस्तित्वातच नसेल. म्हणजे ऐकणारा भरकटणार नाही. दोन, यादीबाहेर कुठेही दाबलं की ती मिटायची, ते आता आपोआप होणार नाही. दोन्ही मला शहाणपणाचे वाटले. मी बदल करून चाचणीचं पान बाबांच्या लॅपटॉपवर उघडून दिलं आणि माझ्या खोलीत आले.

दारातून आवाज येत होते. "झाँसी," ती बाई म्हणाली. "झाँसी," बाबा म्हणाले. मग बबीना, बरुआसागर, ओरछा, मोठ, आणि शेवटी एरच. "एरच," बाबा म्हणाले.

मग बाई काहीच बोलली नाही. कूलर घरघरत होता.

आणि बाबा म्हणाले, "बोला."

मला हसू आलं. मी आत गेले. "कुणाला बोला म्हणताय, बाबा? यादी संपली."

"यादी संपली," ते म्हणाले, आणि मान हलवली. "नाही संपली. एरचच्या खाली आणखी एक आहे. तो बोलत नाही."

"बोलत नाही तर आहे कशावरून?"

"पलीकडे रिसीव्हर उचलून कुणी गप्प बसलं ना, तर तार वेगळी वाजते. इतकी वर्षं तेच ऐकलंय मी."

मी त्यांच्या शेजारी बसून खालच्या बाणाची कळ दाबत गेले. एरचनंतर काही नव्हतं. मला तरी काही ऐकू आलं नाही.

३

मी तर्काने चालणारी बाई आहे आणि सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. यादीत सहाच गावं होती. पण एरचच्या खाली एक रिकामा, न दिसणारा डबा सापडला. सूचना वाचून दाखवायला नवीन आवृत्ती असा डबा ठेवते. मिळालं कारण. मी तो काढून टाकला आणि ऑफिसातल्या चैतन्यला फोन केला. तोही झाँसीचाच, मराठी घरातला, पण चार शब्दांनंतर त्याची गाडी हिंदीवर जाते.

"रेवाताई, मी बघितलं. मेरे यहाँ तो छह ही आ रहे हैं. अंकलजींना सांगा, टेन्शन मत लीजिए."

मी बाबांना पान पुन्हा उघडून दिलं आणि कुकर लावायला गेले. तीन शिट्ट्या झाल्या. दर शिट्टीला बाबा बैठकीतून "शिट्टी झाली" म्हणत असत, आज म्हणाले नाहीत. "बाबा, जेवायला चला," मी हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि कानाशी म्हणाले, "बाबा."

त्यांचं बोट खालच्या बाणावर होतं. चेहरा एकाग्र, किंचित वाकडा, फोन कानाला लावल्यावर व्हायचा तसा. त्यांनी मला ऐकलं नव्हतं. मग त्यांनी वरचा बाण दाबला, बाई म्हणाली "एरच," त्यांनी ते निवडलं आणि यादी मिटली.

"रेवा, भात लागतोय वाटतं," ते लगेच म्हणाले. "वास येतोय."

"मी किती हाका मारल्या!"

"किती हाका मारल्यास?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "कधी?"

डोळे गेले, आता कानही? त्या संध्याकाळी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की या वयात इतके चांगले कान त्यांनी कमी पाहिलेत. परतताना रिक्षात बाबांनी ते वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. मला मात्र हायसं वाटलं नाही. कान चांगले असतील, तर यादी उघडी असताना त्यांच्यासाठी घर कुठे जात होतं?

यादी उघडी असेपर्यंत बाकीचं पान अस्तित्वातच नसेल. हे वाक्य मला आठवलं, आणि मी स्वतःवरच चिडले. ते पानाबद्दल होतं, माणसाबद्दल नाही.

४

"लाइन मागतायत," दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले.

मी वरण वाढत होते. "कोण?"

"ते सांगत नाहीत. आज बोलले. नुसतं लाइन क्लिअर मागतायत."

हे मला लहानपणापासून पाठ होतं, पण त्यांनी पुन्हा समजावलं, ताटात बोटाने रूळ ओढत. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. पलीकडच्याने विचारायचं, माझी गाडी तुझ्याकडे सोडू का? अलीकडच्याने परत म्हणून दाखवायचं, आपला नंबर द्यायचा, आणि लाइन क्लिअर म्हणायचं. नंबर दिला की शब्द दिला. मग गाडी निघते, आणि ती पोहोचल्याची खबर अलीकडून मिळेपर्यंत ती लाइन त्या गाडीची. कुणी ती मिटवू शकत नाही.

"एकदा धुक्यात मालगाडी मध्येच अडकली होती," ते म्हणाले. "तिकडचा मास्तर रिसीव्हर धरून बसला होता. दर थोड्या वेळाने विचारायचा, पोहोचली का? मी सांगायचो, नाही, अजून नाही. मी 'पोहोचली' म्हणेपर्यंत बिचारा जागचा हलू शकत नव्हता. सकाळी त्याच्या जागी दुसरा माणूस आला तरी उठला नाही."

"बाबा, तुम्ही नंबर दिलात का यांना?"

"अजून नाही. कुठली गाडी आहे ते सांगत नाहीत. विचारलं की गप्प. पण रेवा, किती वेळ ताटकळत ठेवायचं माणसाला?"

मला भीती वाटली. ती कानांची नव्हती, डोक्याची होती. मनात पाल चुकचुकली ती ही की बाबांची बुद्धी ढळतेय, आणि ते काम मीच त्यांच्या हातात दिलंय. "मी ती यादी काढून टाकते," मी म्हणाले. "जुनीच बरी होती. तुम्ही दोन दिवस आराम करा."

त्यांचा चेहरा पडला. "आराम करू," त्यांनी परत म्हटलं, आणि मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. त्यांना ते काम काढून घेतल्यासारखं वाटलं होतं, आणि घेतलंच होतं मी.

हात धुऊन मी लगेच साइट जुन्या आवृत्तीवर नेली. माझ्या स्क्रीनवर बघितलं. यादी उघडली, बाहेर दाबलं, मिटली. मन हलकं झालं.

एक गोष्ट मात्र विसरले. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही ती सांगेल. साइट कितीही बदला, ज्याच्याकडे पान आधीपासून उघडं आहे त्याच्याकडे ते जुनंच राहतं, तो ते नव्याने उघडेपर्यंत. बाबांच्या लॅपटॉपवर ते पान उघडंच होतं.

५

दुपारी लाइट गेली.

झाँसीतल्या मे महिन्यात कूलर थांबला की घर एकदम उघडं पडल्यासारखं वाटतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लूच्या गरम वाऱ्याने खिडकीचं दार हळूहळू आपटत होतं. मी ओला पंचा मानेवर घेऊन पडले होते, आणि त्या शांततेत बाबांचा आवाज आला. स्पष्ट, तरुण, ड्यूटीवरचा.

त्यांनी दोन अंक सांगितले. मग म्हणाले, "लाइन क्लिअर."

मी धावले. ते तख्तावर लॅपटॉपसमोर बसले होते, बोट खालच्या बाणावर. "बाबा!" मी खांदा हलवला. अंग सैल होतं, ऊबदार होतं, श्वास चालू होता. पण ते कुठेच नव्हते. झोपलेला माणूसही हाक ऐकून भुवई हलवतो. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या आवाजाचा कणही उमटत नव्हता.

मी स्क्रीनचा प्रकाश वाढवला. पान उघडं होतं आणि यादी उतरलेली होती. सहा गावं. एरचच्या खाली एका ओळीएवढी रिकामी जागा, आणि निवडलेल्या ओळीवर पडते ती निळी पट्टी त्या रिकाम्या जागेवर. तो डबा मी स्वतःच्या हाताने काढला होता.

मी यादीबाहेर दाबलं. मिटली नाही. एस्केप दाबलं. मिटली नाही. मग लॅपटॉपच बंद करायला हात नेला, आणि बाबांनी माझं मनगट धरलं. न बघता, न वळता.

"लाइनवर गाडी आहे," ते म्हणाले. मला नाही, समोर. "मध्येच ठेवू नका."

बाहेरून ती मिटणार नव्हती. सूचनांत तसं लिहिलंच होतं, आणि मी मान डोलावली होती. मला एवढंच सुचलं की मग आतून मिटवावी. मी बाबांच्या बोटावर माझं बोट ठेवलं, डोळे घट्ट मिटले आणि कळ दाबली.

खिडकीचं दार आपटायचं थांबलं. माझा स्वतःचा श्वास ऐकू येईना. मग तार वाजली. बाबा म्हणाले होते तशीच, पलीकडे कुणीतरी गप्प बसल्यासारखी, आणि ती किती लांब होती ते मला सांगता येणार नाही. तिच्या त्या टोकाकडून बाबा म्हणाले, "कोण? रेवा? तू या लाइनवर कशी?"

"बाबा, परत या. घरी या."

"परत या, घरी या," ते म्हणाले. त्यांनी ते इतक्या मायेने म्हटलं. "नाही गं. मी नंबर दिलाय. एक माणूस लाइनवर बसायला लागतो."

"कोण येतंय, बाबा?"

काहीतरी माझ्या जवळून गेलं. आवाज नव्हता, फक्त उजव्या गालाला हवा लागली, थंड, तळघरातली असते तशी; आणि ते बराच वेळ जात राहिलं, मालगाडी जाते तसं, डब्यामागून डबा. तिकडून इकडे. मी डोळे उघडले नाहीत. माझी हिंमत झाली नाही.

"गेली तुझ्याकडे," बाबा म्हणाले. "पोहोचली की सांग."

कूलर घरघरला. मी डोळे उघडले. बाबांनी माझं मनगट सोडलं होतं, आणि ते माझ्याकडे तोंड करून हसत होते.

"लाइट आली," ते म्हणाले.

६

मी त्यांना मिठी मारली. वेड्यासारखी रडले. त्यांनी पाठीवर हात फिरवला. सदऱ्याला त्यांच्याच तेलाचा वास होता. "घाबरलात ना?" मी म्हणाले. ते म्हणाले, "जरा डोळा लागला होता."

"चहा ठेवते," मी म्हणाले.

बैठकीतून उत्तर आलं नाही.

मी पातेलं हातात धरून उभी राहिले. थकले असतील, असं स्वतःला सांगितलं. चहा दिला, त्यांनी कपाकडे हात नेला तो सरळ कपाच्या कानावर गेला, एरवी जायचा तसा बशी चाचपत नाही. पाच वर्षांचं मूलही ज्याला योगायोग म्हणणार नाही असे योगायोग मी संध्याकाळपर्यंत मोजत बसले. एकेक खोडून काढत होते.

मग दिवेलागण झाली. मी माझ्या खोलीत अंधारात बसले होते. बैठकीत पावलं वाजली, भिंतीवर हात न घासता चालणारी. बटणाचा आवाज झाला आणि दाराच्या फटीतून उजेड माझ्या पायांवर पडला.

"अंधार झाला, रेवा," ते म्हणाले. "दिवा नाही लावायचा?"

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. हे आम्हाला तीन डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्यांनी आईला स्वतः फोन लावला, नंबर बघून. आई पलीकडे रडत होती, हसत होती. मला फोनवर घेऊन म्हणाली, "रेवा, देवाने ऐकलं गं! मी रविवारी निघते. मला त्यांनी बघावं, अजून एकदा बघावं, एवढंच मागत होते मी." तिचा आनंद मला ऐकवेना. ते माझ्यासमोर उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते, लक्षपूर्वक, नव्याने बघणाऱ्यासारखे. वाईट काही नव्हतं त्या नजरेत. ओळख तेवढी नव्हती.

चैतन्य रोज विचारतो, "ताई, अपग्रेड का क्या हुआ?" मी वेळ मागून घेते. जुनी आवृत्ती बंद व्हायला आली आहे, नवीन मी घालणार नाही. बाबांचा लॅपटॉप मी माझ्या खोलीत आणून चार्जरला लावून ठेवलाय. ते पान मी बंद करत नाही, नव्याने उघडत नाही. लाइट जाते तेव्हा बॅटरीचा आकडा बघत बसते.

रोज सकाळी मी दाराला कडी घालते, डोळे मिटते आणि कळ दाबत जाते. झाँसी, बबीना, बरुआसागर, ओरछा, मोठ, एरच. ती बाई प्रत्येक नाव म्हणते, आणि फार लांबून, तिच्यामागोमाग, कुणीतरी प्रत्येक नाव परत म्हणतं. मग ती थांबते. मग तार.

"बोला," बाबा म्हणतात.

"मी आहे, बाबा. रेवा."

"रेवा आहेस." दमलेले वाटतात, पण तक्रार नाही. "गाडी पोहोचली का गं?"

उत्तर मला माहीत आहे. मी ते दिलं की लाइन मिटेल, तिकडे रिसीव्हर ठेवला जाईल, आणि ठेवल्यावर माणूस कुठे जातो ते बाबांनी मला कधी सांगितलेलं नाही. दाराबाहेर चपला वाजतात. सदरा घालून कुणीतरी पेपर वाचायला बसतं, पान उलटतं. रविवारी आई येणार आहे.

"नाही, बाबा," मी म्हणते. "अजून नाही."

"अजून नाही," ते परत म्हणतात.